मदत हवी आहे: अ‍ॅक्युम्युलेटची बेरीज कमी येते, मॅक्स कंपाइलच होत नाही (सी++)

गूळमार्केट: कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डातल्या दुकानासाठी वजनाचा हिशेब लिहितोय. ढेपांची वजनं डबलच्या (दशांश संख्यांच्या) व्हेक्टरमध्ये, म्हणजे यादीत: १०.६, ९.७, १०.८. बेरीज ३१.१ हवी. एसटीडी::अ‍ॅक्युम्युलेटला (यादीची बेरीज करणारं तयार फंक्शन) बिगिन, एंड आणि सुरुवातीची किंमत म्हणून ० दिलं, उत्तर डबलमध्येच घेतलं, तरी २९ येतं. उलट एसटीडी::मॅक्सला (दोनातलं मोठं देणारं फंक्शन) ० आणि (वजन - बारदान) दिलं तर थेट एरर. एक गपगुमान चुकतं, दुसरं चालतच नाही. टाइप ठरवायचा नियम एकच ना?

रंकाळाकाठ: नियम एकच भावा, फरक टी (टेम्प्लेट फंक्शनमधला, कंपाइलरने कॉलवरून ओळखायचा टाइप) किती ठिकाणांहून ठरतो यात आहे.

अ‍ॅक्युम्युलेटमध्ये टी फक्त तिसऱ्या आर्ग्युमेंटवरून ठरतो. ० म्हणजे इंट (पूर्णांक). व्हेक्टरमध्ये काय आहे ते बघितलंच जात नाही. बेरीज साठते ती इंटमध्ये: ० + १०.६ चे १०, १० + ९.७ चे १९, १९ + १०.८ चे २९. अपूर्णांक दर पायरीला कापला जातो. डावीकडे डबल ठेवून उपयोग नाही, उत्तर कुठे जाणार याचा टीशी संबंध नसतो. ०.० लिही. जीसीसी कंपाइलरच्या वॉर्निंगवर विसंबू नकोस. ही काटछाट सिस्टिम हेडरच्या आत होते आणि तिथल्या वॉर्निंग तो एरवी दाखवत नाही.

मॅक्समध्ये टी एकच, आर्ग्युमेंट दोन. एक म्हणतं इंट, दुसरं डबल. टी शोधताना कंपाइलर इंटचा डबल करून बघत नाही, म्हणून एररमध्ये ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स’. मॅक्स<डबल> लिहिलंस की शोधायचं काही उरत नाही, मग रूपांतर चालतं.

गूळमार्केट: ३१.१ आलं! पैशांचा व्हेक्टर लाँग लाँगचा (मोठ्या पूर्णांकांचा) आहे, तिथेही ०च दिलाय.

दसराचौक: ते आधी बदला, ०एलएल (लाँग लाँग टाइपचा ०) द्या. ३२ बिटी इंटमध्ये २१४७४८३६४७ पैसे, म्हणजे सुमारे २ कोटी १४ लाख रुपये ओलांडले की आकडा बिघडतो.

मॅक्स<डबल> रेफरन्स परत देतो, म्हणजे किमतीची प्रत नाही, मूळ किमतीकडे बोट. ० पासून बनलेला तात्पुरता डबल ती ओळ संपताच जातो, म्हणून निकाल साध्या डबलमध्ये घ्या, रेफरन्समध्ये धरू नका. स्वतःचं फंक्शन लिहिणार असाल तर दुसरा पॅरामीटर एसटीडी::टाइप_आयडेंटिटी_टी<टी> ठेवा (सी++२०). टी पहिल्यावरूनच ठरेल आणि दुसऱ्या जागी ० बिनधास्त देता येईल.

टाइपची शंका आली तर बॉडी नसलेला एक टेम्प्लेट स्ट्रक्ट जाहीर करा आणि त्याच्या टाइपच्या जागी डिक्लटाइपने (एक्स्प्रेशनचा टाइप देणारा कीवर्ड) तो कॉल देऊन ऑब्जेक्ट बनवा. कंपाइल अडेल, पण एररमध्ये खरा टाइप छापून येईल.