विषय: सेवानी १८९९ – ५-० आणि ११-१० हे स्कोअर कसे?

म. (नॅशव्हिल)
मंडळी, क्विझमध्ये एक प्रश्न टेनेसीचा हवा म्हणून सेवानी विद्यापीठाचा १८९९ चा अमेरिकन फुटबॉल हंगाम घेतला आहे. १२ पैकी १२ सामने जिंकले, त्यातले पाच एकाच दौऱ्यात सहा दिवसांत. गुण ३२२ विरुद्ध १०. स्कोअर मात्र विचित्र वाटतात. कोणी खुलासा करेल का?

श्री. (अटलांटा)
ताई, तेव्हा टचडाउनचे (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेणे) ५, त्यानंतरच्या किकचा १, फील्ड गोलचेही (किकने चेंडू गोलखांबांमधून मारणे) ५ आणि सेफ्टीचे (समोरच्याला त्याच्याच गोलरेषेमागे चेंडूसह अडवणे) २ गुण असत. उत्तर कॅरोलायनाविरुद्धचा शेवटचा सामना एका फील्ड गोलवर ५-० सुटला. ऑबर्नविरुद्धच्या ११-१० मधला वरचा एक गुण टचडाउननंतरच्या किकचा. ती किक सोपी नव्हती. टचडाउन जिथे झाला, त्या जागेच्या सरळ रेषेत मागे येऊन मारायची (रग्बीत अजून तसेच आहे). कोपऱ्यात टचडाउन झाला की कोन इतका तिरपा व्हायचा की तो एक गुण बहुतेक बुडालाच समजा.

आणखी एक. फॉरवर्ड पास (चेंडू पुढे फेकणे) १९०६ पर्यंत नियमातच नव्हता. ३ डाउनमध्ये (प्रयत्नांत) ५ यार्ड काढायचे, म्हणजे सगळा खेळ मधल्या रेटारेटीचा.

म.
आणि ते दौऱ्यातले पाच सामने?

श्री.
९ नोव्हेंबर ऑस्टिनला टेक्सस १२-०, १० ला ह्यूस्टनमध्ये टेक्सस ए अँड एम १०-०, ११ ला न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेन २३-०. १२ ला रविवार, सुट्टी. १३ ला बॅटन रूजमध्ये एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) ३४-०, १४ ला मेम्फिसमध्ये ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) १२-०. पाचही ठिकाणी समोरच्यांना भोपळा.

सगळे दौरा किती लांब याचेच कौतुक करतात. मला व्यवस्थापन जास्त मोठे वाटते. मॅनेजर ल्यूक ली स्वतः विद्यार्थी होता. तिकिटांच्या वाटणीवरून व्हँडरबिल्टशी वाजले, तो सामना रद्द झाला, म्हणजे वर्षाची मोठी कमाई गेली. ती भरून काढायला त्याने हा दौरा आखला. सुमारे ४,००० किमीचा प्रवास, झोप गाडीच्या डब्यात. ह्यूस्टन–न्यू ऑर्लिन्स आणि बॅटन रूज–मेम्फिस हे दोन टप्पे प्रत्येकी ५०० किमीच्या वर, आणि दोन्ही एका रात्रीत. पोटे बिघडू नयेत म्हणून सेवानीच्या झऱ्याचे पाणी पिंपांत भरून सोबत नेले. इतकी तयारी करून खेळाचे बूट मात्र गावातच राहिले. ते मागाहून मागवावे लागले. (हाच ली पुढे सिनेटर झाला आणि जानेवारी १९१९ मध्ये हॉलंडमधून कैसरला (जर्मनीच्या माजी सम्राटाला) उचलून आणायला निघाला होता. स्वभाव तोच.)

द. (चॅटनूगा)
काका, खेळाडू बदलून बदलून खेळवले असतील ना? मग पाच सामने इतके अवघड का?

श्री.
नाही रे, तिथेच मेख आहे. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे. संघ २१ जणांचा, सामना ३५-३५ मिनिटांचा, आणि आक्रमण-बचाव दोन्ही त्याच ११ जणांनी करायचे. ऑस्टिनला कप्तान सायबल्सचे डोके फुटले तरी तो खेळत राहिला आणि दोन्ही टचडाउन त्यानेच केले.

तरी माझ्या मते खरी कसोटी दौऱ्यानंतरची. ३० नोव्हेंबरला माँटगोमेरीत ऑबर्न, प्रशिक्षक जॉन हाइझमन (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी ज्यांच्या नावाची, तेच). हंगामातले विरोधकांचे सगळे १० गुण याच सामन्यातले. आणि दोनच दिवसांनी, २ डिसेंबरला, अटलांटात उत्तर कॅरोलायना.

ताई, प्रश्नात "सलग पाच दिवस" लिहू नका, रविवार मध्ये आहे. "सहा दिवसांत पाच सामने" बरोबर. आणि सेवानी हे गावाचे नाव. विद्यापीठाचे नाव युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ. दोन्ही उत्तरांना गुण द्या, नाहीतर स्टेजवर वाद होईल.