मदत हवी आहे: मालकाचं तत्त्व खरेदी विभागात टिकत नाही

भोसरीतलं सुट्या भागांचं युनिट, कामगार 60. मालकांचा आग्रह: छोट्या पुरवठादाराचं बिल 30 दिवसांत चुकतं करायचं. आमचा मोठा ग्राहक मात्र 90 दिवसांनी पैसे देतो. उलाढाल 250 कोटींच्या आत असल्यानं ट्रेड्सवर (पुरवठादाराला बिलाचे पैसे आधी मिळवून देणारं ऑनलाइन व्यासपीठ) नोंदणीची त्याला सक्ती नाही, स्वखुशीनं तो करणार नाही.

खरी गोची खरेदीत आहे. व्यवस्थापकाचा बोनस खेळत्या भांडवलाशी बांधलेला, म्हणून माल आत येऊनही जीआरएन (माल मिळाल्याची नोंद, पेमेंटची मुदत तिच्यापासून मोजली जायची) उशिरा निघतो. कायद्यानं याचा फायदा शून्य: 15 दिवसांत लेखी हरकत नसेल तर डिलिव्हरीचाच दिवस स्वीकृतीचा धरतात, आणि मुदत ओलांडली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज.

तोंडी ताकीद देऊन झाली. टॅलीत देय तारीख गेट एन्ट्रीपासून लावली, तर आता तपासणीत 'माल नापास' शेरे वाढलेत. मालकांना माणूस बदलायचा नाही (काम उत्तम आहे), ओव्हरड्राफ्टही वाढवायचा नाही.

बोनसमध्ये वेळेत पेमेंटचा वाटा किती टक्के ठेवता? आणि नापास शेऱ्यावर खरेदीबाहेरच्या कोणाची सही घेता: क्वालिटीची की अकाउंट्सची?