पुढची सिरीज कुठली घेऊ? बजेट कमी आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, २० पैशाच्या कमळाची पितळी नाणी (१९६८ ते ७१) एकदाची पूर्ण झाली आणि आता हात परत शिवशिवतायत, पण खिसा काही साथ देत नाहीये.

डोक्यात दोन पर्याय आहेत. एक म्हणजे नये पैसे (दशमान पद्धतीची पहिली नाणी), १९५७ पासून १९६४ मध्ये 'नया' शब्द गेला तोपर्यंतचे. वर्षं मोजकीच आहेत, पण टांकसाळीप्रमाणे गोळा करायचं म्हटलं की तारखेखालचा मार्क, म्हणजे टांकसाळीची खूण बघायची, मुंबईचा डायमंड, हैदराबादची वेगळी खूण, कलकत्त्याचं काहीच नाही, असं करत करत लिस्ट वाढतच जाते. शिवाय एक नया पैसा आधी ब्राँझचा मग १९६२ मध्ये निकेल ब्रासचा, म्हणजे तेही दोन्ही लागणार.

दुसरा, १९४३ ते ४७ चा भोकाचा पैसा. युद्धात तांबं वाचवायला मधोमध भोक पाडलेला, मला तर तो जाम आवडतो! पाचच वर्षं आहेत, पण लाहोरचा एल वगैरे मार्क बघायला भिंग लागतं आणि झिजलेल्या नाण्यावर तर भिंग लावूनही डोळे फुटायची वेळ येते.

चांदीच्या नाण्यांच्या वाटेला जात नाही, उगाच हात पोळायला नको.

तर नुसती वर्षं पूर्ण करू की मार्कसकट? आणि झिजलेली आत्ता स्वस्तात घेऊन नंतर बदलावीत, की थांबून एकदाच चांगली घ्यावीत? मागच्या वेळी पहिला प्रकार केला, आता डबल नाण्यांनी अख्खा डबा भरलाय.