पानगळीच्या रानातला फुलोरा: तुमची जागा, तुमची झाडं

माघ सरत आला की मी ताम्हिणीच्या अलीकडच्या एका ओढ्याकाठी जायला लागतो. ओढा तोवर आटलेला असतो, खडकांत डबकी तेवढी उरतात आणि ऐन-किंजळाची पानं पायाखाली वाजतात. पावसाळ्यात याच रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. फेब्रुवारीत मात्र इथे कुणी फिरकत नाही आणि माझ्या मते या रानाचा खरा बहर तेव्हाच सुरू होतो.

पहिला मान काटेसावरीचा. जानेवारी संपता संपता उंचावरच्या निष्पर्ण फांद्यांवर लालगुलाबी फुलं दिसायला लागतात. मग पांगारा, त्याच्या पाठोपाठ पळस. मार्चच्या सुमारास वारस नावाच्या झाडाला पांढऱ्या, झालरीच्या फुलांचे गुच्छ येतात. डोळे वर लागलेले असतानाच कुठून तरी वास येतो, म्हणून खाली पाहावं तर करवंदीच्या जाळ्या फुललेल्या असतात. आणखी थोड्या दिवसांनी कुसर. सगळीकडे कोरडं ठाक असताना त्या वेलीला इतकी ताजी पांढरी फुलं कशी येतात, याचं नवल मला अजून वाटतं.

काटेसावरीचं फूल पडताना ऐकलंय का कुणी? मांसल पाकळ्या, जाड पेला, मधे पुंकेसरांचा झुबका, असं सगळं वजन घेऊन ते 'थप्प' आवाज करत खाली येतं. एकदा ताजं पडलेलं फूल उचललं तर पेल्यात अजून मध होता आणि चार मुंग्या आधीच पोचल्या होत्या.

तुमचीही अशी एखादी जागा असेल, जिथे तुम्ही दरवर्षी याच दिवसांत जाता. तिथे काय फुलतं, कोण येतं, ते या धाग्यावर प्रतिसादात लिहा. परिसर सांगितला तरी पुरे, नेमकी जागा सांगू नका. गर्दी झाली की पहिल्यांदा फांद्या मोडतात.

*

माझी जागा येऊरची. ठाण्याहून पहाटे निघालं की उजाडताना आत असते. तुम्ही कौशीचं नाव घेतलं नाहीत, म्हणून लिहायला बसले.

कौशी एरवी ओळखूही येत नाही. वर्षभर ती कोणत्याही चार झाडांमधलं एक झाड असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडतात आणि फांद्यांच्या टोकांना शेंदरी-केशरी नळ्यांचे झुपके लागतात. या फुलाला पाकळ्या नसतातच. आपण पाहतो ती रंगीत नळी म्हणजे त्याचा निदलपुंज, एरवी पाकळ्यांखाली असतं ते बाहेरचं आवरण, आणि त्यावर मखमली लव असते. खाली पडलेली नळी बोटांत धरून पाहा, लव जाणवते.

सकाळी सात ते नऊ मी एकाच कौशीखाली बसते. शिंजीर, बुलबुल, कोतवाल, हळद्या, मधूनच खार. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. शिंजीर नळीत चोच घालून दुसऱ्या क्षणी पुढच्या फुलावर, कोतवाल मात्र मध पिता पिता आजूबाजूच्या पाखरांना हुसकावत असतो. पक्षी बघायला जंगलभर फिरायची गरज नसते, फुललेलं एक झाड निवडा आणि बसून राहा, हे मला कौशीने शिकवलं.

जमलं तर महिन्या-दीड महिन्याने तिच्याकडे परत जा. फळं कागदासारखी पातळ होऊन होडीसारखी उघडतात आणि बिया काठाला चिकटलेल्या दिसतात.

*

मी रानात जाऊ शकत नाही आता, गुडघे साथ देत नाहीत. पण शिमग्याला गावी जाताना एसटीत खिडकीची जागा धरतो आणि घाटात पांगारे मोजतो. दरीतला पांगारा वरून दिसतो, ही घाटरस्त्याची मेहेरबानी. झाडाखाली उभ्या माणसाला एवढा लाल रंग एका नजरेत मिळत नाही. हाही अनुभव चालेल ना?

*

काका, चालेल काय, असेच अनुभव हवेत.

मी गोंदियाकडची. आमच्याकडे या दिवसांत पळस तर असा फुलतो की डांबरी रस्त्याच्या दोन्ही बाजू केशरी. पण मला लिहायचंय मोहाबद्दल.

मोहाचं फूल बघायला जायचं तर पहाटे. रात्रभर फुलं गळत असतात, उजाडताना झाडाखाली फिकट पिवळसर, रसदार फुलांचा सडा असतो, मण्यांएवढी एकेक. आणि वास! गोड, जड, थोडा आंबूस. ज्यांना सवय नाही त्यांना तो नकोसा होतो, मला त्याशिवाय चैत महिना आल्यासारखा वाटत नाही. आजी टोपली घेऊन अंधारातच निघायची, मी मागे. ती आधी दुरून हाका घालायची, कारण अस्वलालाही मोह तितकाच प्रिय. हरणं येतात, रात्री वटवाघळं येतात आणि परागीभवनाचं मोठं काम तीच करतात.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, आणि ती आग कधी कधी रानात पसरते. काही ठिकाणी आता झाडाखाली जाळी बांधतात. फूल स्वच्छ मिळतं, आग लावावी लागत नाही. ही पद्धत सगळीकडे पोचायला हवी असं मला फार वाटतं. मोह आमच्याकडे कितीतरी घरांचा आधार आहे, वेचणाऱ्यांना नावं ठेवून काही होणार नाही.

*

पुण्याच्या आसपासच्या टेकड्या. गणेर, म्हणजेच सोनसावर.

खडकाळ उतार, गवत वाळून पांढरं पडलेलं, आणि त्यात एक वेडंवाकडं, पान नसलेलं झुडूपवजा झाड. त्याच्या टोकाला तळहाताएवढं झळझळीत पिवळं फूल. पाकळी रेशमासारखी, उन्हाकडे धरली तर शिरा दिसतात.

या फुलात मध नसतो. तरी भुंगे येतात, परागासाठी. परागकोश पूर्ण उघडत नाहीत, टोकाशी फक्त बारीक छिद्र असतं. मोठा काळा भुंगा पुंकेसरांना मिठी मारतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. त्या क्षणी त्याचा आवाज बदलतो, उडतानाच्या गुणगुणीपेक्षा वरच्या पट्टीत जातो. आणि पराग भुर्रकन बाहेर. मी हे दोन हातांवरून पाहिलं आहे. कॅमेऱ्यात काही आलं नाही, पण तो आवाज कान देऊन ऐका, पुन्हा विसरणार नाही.

*

मी ओहायोत असते. इथला वसंत अगदी वेगळा, पण धाग्याच्या विषयात बसेल असं वाटतंय.

आमच्या जवळच्या मेपल आणि बीच या झाडांच्या रानात मार्चअखेर झाडं उघडीबोडकी असतात आणि फुलं असतात ती जमिनीवर. सगळ्यात आधी दलदलीत स्कंक कॅबेज उगवतं. ते स्वतः उष्णता तयार करतं, हवेपेक्षा १५ ते ३५ अंश सेल्सियस जास्त, त्यामुळे भोवतीचा बर्फ वितळून गोल खळगा होतो. मग ब्लडरूट, एकच पान देठाला शालीसारखं गुंडाळून वर येतं. स्प्रिंग ब्यूटी तर नखाएवढी, पाकळ्यांवर गुलाबी रेघा. ढग आले की मिटते. तिच्यासाठी ओल्या पाचोळ्यावर अक्षरशः पोटावर झोपावं लागतं.

शेवटी ट्रिलियम. तीन पानं, तीन पाकळ्या. बीपासून पहिलं फूल यायला सात-सात, दहा-दहा वर्षं लागतात. बियांना एक तेलकट खाऊ चिकटलेला असतो, त्याच्यासाठी मुंग्या बिया वारुळात ओढून नेतात आणि तिथे नवीन रोप उगवतं. म्हणून एखादा उतार ट्रिलियमने पांढरा दिसला की मी त्याच्याकडे पिढ्यांचं काम म्हणून पाहते. हे फूल तोडलं की खालची तिन्ही पानंही जातात आणि झाडाला वर्षभराचं अन्न मिळत नाही.

मेमध्ये वर पानांचं छत धरलं की खाली सावली होते. जूनमध्ये स्प्रिंग ब्यूटी तर जमिनीच्या वर दिसतही नाही.

*

वरचा प्रतिसाद वाचून एकदम काहीतरी जुळलं. तिथे काय आणि इथे काय, दोन्हीकडे झाडांना पानं नसतात तेवढ्याच काळाचा उपयोग करून घेतलेला आहे. तिथे पानं नसल्यामुळे ऊन जमिनीपर्यंत पोचतं, म्हणून जमिनीवर फुलं. आपल्याकडे पाणी वाचवायला झाड पानं टाकतं आणि त्या मोकळ्या फांद्यांवर फूल दुरून दिसतं, पाखराला आडकाठी राहत नाही. शिवाय आपल्या झाडांना घाई असते पावसाची. सावरीचा कापूस एप्रिल-मेच्या वाऱ्यात उडतो, पळसाच्या पापड्या, म्हणजे चपट्या शेंगा, गळतात, म्हणजे मिरगाच्या पहिल्या पावसाला बी जमिनीवर हजर.

पळसमैना, म्हणजे भोरड्या, हे या हिशोबातले पाहुणे. थवेच्या थवे सावरीवर आणि पळसावर उतरतात, कलकलाट करतात आणि एप्रिलच्या आसपास मध्य आशियाकडे निघून जातात. त्यांची प्रवासाची शिदोरी आपल्या माळरानावर भरली जाते, याचा मला अभिमान वाटतो.

*

सगळे पानगळीच्या रानाबद्दल लिहितायत, म्हणून महाबळेश्वरची बाजू मांडतो. तिथल्या सदाहरित रानात झाड उघडं होत नाही. अंजनीची पानं जाड, गर्द हिरवी, तशीच राहतात. आणि मार्च-एप्रिलमध्ये फांद्यांच्या अंगालाच निळ्याजांभळ्या बारीक फुलांचे गेंद लागतात. लांबून काहीच कळत नाही. पायवाटेवर निळी रांगोळी दिसली की मान वर करायची. माथेरानलाही हेच. बहर फार दिवस टिकत नाही, गेल्या वेळी मी पोचलो तेव्हा फक्त खालची रांगोळी उरली होती, तीही सुंदर होती.

*

आमच्या डोंगराला गेल्या वर्षी वणवा लागला. कुणीतरी गवत पेटवलं. मार्चमध्ये गेलो तर कुसरीची वेल, करवंदीच्या जाळ्या, सगळं काळं. पळस मात्र टिकाऊ, बुंध्यातून आणि मुळांतून परत फुटला. यंदा उतारावर धायटी चांगली फुलली आहे, फांदीभर लाल नळ्या, लहानपणी आम्ही त्यातला मध चोखायचो. करवंदी अजून पूर्वीसारखी नाही. गावातली पोरं यंदा थंडी संपायच्या आत जाळपट्टे, म्हणजे वणवा अडवायचे मोकळे पट्टे, काढायला आली होती, हे मुद्दाम नोंदवतो.

*

नेमकी जागा सांगू नका, याला माझं अनुमोदन. आमच्या भागात एक पिवळ्या फुलांचा पळस आहे. दुर्मीळ म्हणून बोभाटा झाला आणि नाही नाही त्या समजुतींपायी लोकांनी साल काढून नेली. झाड वाचलं आहे. यापुढे मी त्याबद्दल काही लिहिणार नाही.

*

एक ओळख हवी आहे. कर्नाळ्याच्या बाजूला परवा एक मोठी, लाकडासारख्या खोडाची वेल पाहिली, झाडांवर चढून पसरलेली. हिरवट-पिवळट फुलांचे घोस, लांबून पालवीच वाटते. मधमाश्या भरपूर.

*

उक्षी असणार. फुलं पडली तरी त्यांची निदलं, म्हणजे बाहेरच्या आवरणाचे भाग, पडत नाहीत, मोठी होतात आणि फळाला पाच पंख देतात. तिच्या खोडात पाणी साठतं, रानात राहणारी माणसं उन्हाळ्यात ते पितात. एप्रिलमध्ये त्याच वेलीखाली जा, पाच पंखांची फळं गरगरत खाली येताना दिसली तर ओळख पक्की. आणि इथे येऊन सांगा.