ॲक्सेसची फाइल एकच, कॉम्प्युटर तीन, व्हर्जन तीन. भाच्यानं हात लावला आन् काट्यावर पट्टी निघेना

कळमना_मुनीम
नमस्कार मंडळी. नागपूरच्या कळमन्याला संत्र्याची आडत आहे, तिथला हिशेब मी पाहतो. आवक, काटा, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी (मालाच्या हिशेबाची पावती), सगळं ॲक्सेसच्या (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम) एका एमडीबी फाइलमध्ये, २००३ वर बनवलेली. ऑफिसच्या पीसीवर शेअर फोल्डरमध्ये पडून आहे आणि तिघंही तिथूनच तीच फाइल उघडून राहिलो. काट्यावर जुना पीसी, त्यात ॲक्सेस २००३ (त्याला हात लावायचा नाही असं शेठजीचं म्हणणं, काट्याची केबल त्याच्याच सिरियल पोर्टला लागते), ऑफिसात २०१०, आन् शेठजीच्या भाच्यानं दिवाळीत नवा लॅपटॉप घेतला त्यात ३६५, ६४ बिट.

परवा संध्याकाळी सगळे गेल्यावर भाचा म्हणे एक फॉर्म जरासा सरळ करतो. केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तं तारखेच्या जागी #नेम? असं छापून आलं, बटण दाबलं तं "कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी", आणि समोर काटोलचा माणूस गाडी खाली करून उभा. हातानं लिहून दिली पट्टी. ऑफिसच्या २०१० वर पण तेच. भाच्याच्या लॅपटॉपवर मात्र सगळं मस्त चालते, फक्त काटा वाचायच्या बटणावर ६४ बिटसाठी कोड अपडेट करा असं काहीतरी येते. तो म्हणतो सगळं एसीसीडीबीमध्ये, म्हणजे ॲक्सेसच्या नव्या फॉरमॅटमध्ये, सेव्ह करून टाकू, झंझट संपेल. करू का?

इतवारी_होलसेल
गुगल शीटवर टाका ना भाऊ, २००३ कोण वापरते आता

कळमना_मुनीम
@इतवारी_होलसेल काट्याजवळ नेट टिकत नाही जी. आणि काट्याचं वजन शीटमध्ये आपोआप येईल का, ते पण सांगा.

व्हीबीएवाले_काका
एसीसीडीबी अजिबात करू नका बाप्पा. तो फॉरमॅट २००७ पासून आला, २००३ ला तो उघडताच येत नाही, म्हणजे तुमचा काटाच बाहेर. आणि एसीसीडीबी म्हणजे सगळीकडे चालेल असंही नाही, ३६५ मध्ये लार्ज नंबर नावाचा प्रकार चालू केला तर तुमचं २०१० सुद्धा ती फाइल घेणार नाही. एमडीबी मात्र तिन्ही उघडतात, तेच राहू द्या.

आता झालं काय ते सांगतो. फाइलच्या कोडमधून एक्सेलला डेटा पाठवायची सोय असेल बहुतेक. काट्यावर ऑल्ट एफ११ दाबा, टूल्समध्ये रेफरन्सेस (कोड ज्या बाहेरच्या लायब्ऱ्या वापरते त्यांची यादी) उघडा, तिथं "मिसिंग" लिहिलेली एक ओळ दिसेल, नव्वद टक्के ती एक्सेल १६.० ची असेल. २००३ ची लायब्ररी ११.०, २०१० ची १४.०, ३६५ ची १६.०. नव्या मशीनवर फाइल उघडली की ॲक्सेस तो नंबर गुपचूप वर चढवते, पण जुन्या मशीनवर आल्यावर खाली उतरवत नाही. आणि एक रेफरन्स तुटला की ज्याचा एक्सेलशी काही संबंध नाही ते डेट, लेफ्ट असले साधे फंक्शनही चालत नाहीत. एक मुनीम आला नाही म्हणून अख्खी पेढी बंद, तसं. काहून असं, तर व्हीबीए (ॲक्सेसच्या कोडची भाषा) नाव शोधायला सगळ्या रेफरन्समधून जाते आणि तुटक्यावर अडकते. म्हणून तारखेत #नेम?.

आजच्यापुरता इलाज: काट्याच्या पीसीवर मिसिंगची टिक काढा, ११.० वर टिक करा. पण भाच्यानं उद्या परत उघडली की परत तेच, म्हणून फाइल फोडाच. टेबलं तेवढी एका एमडीबीत, ती शेअरवर. फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट, कोड दुसऱ्या फाइलमध्ये, आणि त्या दुसऱ्या फाइलची कॉपी प्रत्येकाच्या सी ड्राइव्हवर वेगवेगळी. २००३ मध्ये टूल्स, डेटाबेस युटिलिटीज, तिथं डेटाबेस स्प्लिटर आहे, आधी बॅकअप घ्या मग चालवा. मग भाच्याची कॉपी १६.० होवो की आणखी काही, ती त्याच्याच लॅपटॉपवर राहील. फॉर्ममध्ये बदल करायचा तो सगळ्यात जुन्या व्हर्जनवर, म्हणजे २००३ वरच करायचा आणि तिथून कॉपी वाटायच्या, उलटं नाही. हे पाळलं नाही तर फोडून काही उपयोग नाही.

जमलं तर कोडमधला एक्सेलचा रेफरन्सच काढून क्रिएटऑब्जेक्ट वापरा, ते मशीनवर जे एक्सेल असेल ते चालवतानाच शोधते, मग व्हर्जनचं नावच नको. ६४ बिटची तक्रार डिक्लेअरच्या, म्हणजे बाहेरचं फंक्शन बोलावणाऱ्या, ओळींची आहे, तिथं पीटीआरसेफ हा शब्द लागते, पण २००३ ला ते कळत नाही, म्हणून #इफ व्हीबीए७ मध्ये दोन्ही लिहावं लागते. काट्यावर त्या ओळी लाल दिसतील, घाबरू नका, चालतात. तसंही भाच्याला लॅपटॉपवर काटा कशाला पाहिजे?

बर्डी_नेटवर्क
काकांनी सांगितलं ते बरोबर, दोन गोष्टी माझ्याकडून. शेअर फोल्डरवर तिघांनाही फाइल बनवायची आणि पुसायची परवानगी द्या, नुसती वाचायची नाही, कारण एमडीबी उघडली की बाजूला एलडीबी नावाची लॉक फाइल बनते. ती बनवता आली नाही तर एकानं उघडल्यावर बाकीचे बाहेर बसतात. दुसरं, लॅपटॉप वायफायवर असेल तर एंट्रीच्या मधात सिग्नल गेला की बॅकएंड (शेअरवरची टेबलांची फाइल) करप्ट व्हायचा धोका, त्याला लॅनची वायर लावा. आणि लिंक करताना झेड ड्राइव्ह नको, ऑफिसच्या पीसीच्या नावानं पूर्ण पाथ द्या, नाहीतर प्रत्येकाचं ड्राइव्हचं अक्षर वेगळं निघते.

कळमना_मुनीम
काका, एक्सेल १६.० च होतं मिसिंग. टिक काढून ११.० लावलं, तारीख आली. काल रात्री बसून फाइल फोडली, टेबलं ऑफिसच्या पीसीवर, तिघांच्या कॉपी आपापल्या सी ड्राइव्हवर. आज सकाळी तिन्ही सोबत चालल्या, पट्ट्या पण बरोबर निघाल्या. क्रिएटऑब्जेक्ट अजून केलं नाही, मृग बहाराची आवक संपली की पाहतो.

भाच्याला सांगितलं, फॉर्म सरळ करायचा असेल तं काट्यावरच्या पीसीवर येऊन बस. तिथं पंखा नाही, ते त्याला माहीत आहे.