सकाळच्या फेरीत पक्षी ऐकू येतात, दिसत मात्र नाहीत (पुणे, फेब्रुवारी)

ओढ्याकाठी
नमस्कार मंडळी. कोथरूडला टेकडीच्या पायथ्याशी राहतो. रोज सव्वासात ते आठ या वेळात अडीच किलोमीटरची फेरी असते: गल्ली, ओढ्यावरचा पूल, मैदानाची कडा, टेकडीची पहिली चढण. तांबटाची टुकटुक सतत कानावर येते, पण पक्षी सापडत नाही. १० बाय ५० ची दुर्बीण आहे, तिच्यात चित्र हलतं आणि दोन-दोन दिसतं. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढावं का? शिवाय आंब्याखालच्या कुंपणात एक बारीक, मातकट रंगाचा पक्षी असतो. 'टर्रर्र' करतो आणि शेपटी सारखी वर उचलतो. तो कोण?

टेकडीवाट
अडीच किलोमीटर पाऊण तासात म्हणजे व्यायामाचा वेग झाला. पक्षी बघायचे तर तेवढ्याच वेळात एक किलोमीटर पुरे. पाच-सहा जागा ठरवा आणि प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं हलू नका. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही, कारण तुमच्या येण्याने सगळे गप्प झालेले असतात. तिसऱ्या मिनिटाला शिंपी पक्षी बोलू लागतो, मग बाकीचे.

जागा निवडताना झाड बघा. फळांवर आलेला उंबर किंवा वड, फुललेली काटेसावर, ओढ्याचा उथळ भाग. फेब्रुवारीत सावरीवर भोरड्यांचे थवे, साळुंक्या, बुलबुल, शिंजीर सगळे एकाच झाडावर मिळतात. ओढ्यातल्या दगडांवर करडा धोबी बघाच: पोट पिवळं आणि लांब शेपटी क्षणभरही थांबत नाही. आणि शक्यतो ऊन पाठीवर घेऊन चाला, म्हणजे सकाळी तोंड पश्चिमेकडे. सूर्य समोर असला की हळद्यासुद्धा काळा दिसतो.

तांबटाचं म्हणाल तर तो बोलताना मान इकडे-तिकडे वळवतो. त्यामुळे आवाजाची दिशा बदलल्यासारखी वाटते आणि आपण भलतंच झाड धुंडाळत बसतो. तो हिरवा आहे, पानांत शोधून उपयोग नाही. शेंड्याची वाळकी, बिनपानांची फांदी बघा. चिमणीहून जरा मोठा, जाडजूड, आखूड शेपटीचा गोळा दिसला की दुर्बीण लावा. कपाळ आणि गळ्याखालचा लाल पट्टा, डोळ्याभोवतीचा पिवळा रंग उन्हात लख्ख दिसतो. सध्या विणीचे दिवस आहेत, तेव्हा शेवग्याच्या किंवा पांगाऱ्याच्या वाळक्या फांदीला खालच्या अंगाने गोल भोक दिसतं का तेही बघा. दिसलं तर लांबूनच, आणि पाच मिनिटांत पुढे निघा.

भिंग८४२
दुर्बिणीपुरतं सांगतो. दोन-दोन दिसतंय म्हणजे आधी मधली बिजागरी जुळवा. दोन्ही नळ्या जवळ-लांब करत एकच पूर्ण वर्तुळ दिसेपर्यंत. मग तीसेक मीटरवरची एखादी पाटी निवडा. उजवं भिंग हाताने झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ करा. आता डावं झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेवरची (डोळ्याजवळच्या भिंगावरची) कडी फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करा. कडीची खूण लक्षात ठेवा, पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर डोळ्यांवरचे रबरी कप खाली दुमडा, नाहीतर कडेने काळं दिसतं. एवढं करूनही दोन प्रतिमा राहिल्या तर आतले लोलक धक्क्याने सरकलेत. ते घरी उघडू नका.

हलण्याचं कारण दहापट मोठेपणा. हाताचा कंपही दहापट दिसतो. कोपर छातीला टेकवा किंवा खांबाला टेकून उभे राहा. प्रकाशाच्या बाबतीत ५० मिलिमीटरच्या भिंगाचा फारसा फायदा नाही. भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा म्हणजे डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची मिलिमीटरमधली रुंदी: ५० भागिले १० म्हणजे ५, तर ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. गल्लीतल्या जवळच्या, चपळ पक्ष्यांसाठी ८ बाय ४२ केव्हाही बरी, कारण नजरेत येणारा परिसर सहसा मोठा असतो. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. खाली बघून दुर्बीण उचलली की पक्षी हरवलाच.

नोंदवही
आवाज वाजवू नका, कळकळीने सांगते. नराला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, मग तो खाणं आणि घरटं सोडून त्याला शोधत फिरतो. एकाच टेकडीवर रोज दहा जणांनी हे केलं तर त्या जोडीचं काय होईल?

आवाजावरून नाव सांगणारं मर्लिन ॲप सूचनेपुरतं वापरा. कोतवाल शिक्र्याच्या (एका छोट्या शिकारी पक्ष्याच्या) आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि ॲप 'शिक्रा' दाखवून मोकळं होतं. डोळ्यांनी पटल्याशिवाय नोंदवू नका. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) यादी देणार असाल तर गेलात त्याच वाटेने परत आलात तरी अंतर एकदाच मोजा. कावळे, पारवे, साळुंक्या यांचेही आकडे लिहा. 'होते' एवढी खूण पुरेशी नाही. एखादा पक्षी कमी होतोय हे आकड्यांवरूनच कळतं. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षीगणना असते. तिच्यासाठी एका जागी किमान १५ मिनिटं सलग मोजलं तरी चालतं, सुरुवातीला उत्तम सराव.

टेकडीवाट
कुंपणातला पक्षी राहिला. वर्णनावरून लाल छातीचा माशीमार वाटतो, हिवाळी पाहुणा. नाव लाल छातीचं असलं तरी मादी आणि लहान नरांच्या गळ्यावर तो रंग नसतो, म्हणून लोक फसतात. शेपटी उचलली की तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके दिसतात का बघा. तो जमिनीवर झेपावून किडा उचलतो आणि परत खालच्या फांदीवर बसतो. 'टर्रर्र' ऐवजी नुसतं 'चक्, चक्' ऐकू आलं आणि पक्षी झुडपाच्या पोटातून बाहेरच येत नसेल, तर तो बोरू वटवट्या. त्याच्या शेपटीत पांढरं नसतं.

ओढ्याकाठी
आज पाहिलं. पांढरे ठिपके आहेत, गळा फिका. आंब्याची खालची फांदी, सात वाजून चाळीस मिनिटं. एक नोंदवतो.