समुद्रावर कुटुंबासोबत जाताना अख्खा बंगला घ्यावा की घरगुती उतरावं?

शनिवारपेठी

जानेवारीतला दुसरा शनिवार-रविवार धरून आम्ही १२ जण समुद्रावर जायचं म्हणतोय. आई, बाबा, आत्या, आम्ही दोघे भाऊ नि बायका, बहीण-मेहुणे आणि तीन मुलं. धाकटं ३ वर्षांचं आहे. दोन जागा समोर आहेत. नागावला चार खोल्यांचा अख्खा बंगला, स्वयंपाकघर आणि पोहायच्या तलावासकट, दोन रात्रींचे ३६ हजार. दिवेआगरला एका घरामागच्या चार खोल्या, खोलीला रात्रीचे २ हजार, जेवण ताटावर वेगळं.

माझं मत बंगल्याला. पैसे जास्त जातात हे मान्य, पण वर्षातून एकदाच सगळे एका छपराखाली येतो. रात्री एकपर्यंत पत्ते, गप्पा, पोरांची दंगल. घरगुती ठिकाणी साडेनऊपर्यंत पानं उरकायची असतात आणि दहाला यजमान पडवीतला दिवा घालवतात. गेल्या वेळी बहिणीच्या हसण्यावरून आम्हाला दोनदा सांगून गेले. सुट्टीला जायचं आणि अंग चोरून राहायचं, हे मला पटत नाही. तुमची मतं सांगा.

सईची_आई

दादा, एक विचारते. त्या बंगल्यातल्या स्वयंपाकघरात उभं कोण राहणार?

तीन वर्षांपूर्वी काशीदच्या बाजूला आम्ही असाच बंगला घेतला होता, ११ जण. शेगडीच्या दोन बर्नरपैकी एक सारखा विझायचा. पोळपाट नव्हताच. सासूबाईंनी आणि मी स्टीलचं ताट पालथं घालून त्याच्या पाठीवर पोळ्या लाटल्या, लाटणं म्हणून काचेची बाटली. ताट दर पोळीला ओट्यावरून सरकायचं, म्हणून मी दोन्ही हातांनी धरून ठेवायचे आणि सासूबाई लाटायच्या. त्या ६८ वर्षांच्या आहेत. नाश्त्याची भांडी होईतो कुणीतरी विचारायचं, "जेवायला काय करताय?" पुरुष मंडळी तीनदा समुद्रावर जाऊन आली. मी रविवारी निघायच्या आधी गेले, वीस मिनिटं.

घरगुती ठिकाणी गरम पान आयतं समोर येतं. माझ्यासाठी सुट्टी म्हणजे ते पान. तुमच्या बाराजणांत पाच बायका आहेत. त्यांना विचारलंत का?

कोलंबी_भात

ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण दोष बंगल्याचा नाही, घरातल्या पुरुषांचा आहे. आमच्याकडे मासे बाबा साफ करतात, कालवण नवरा करतो. सकाळी बंदरावर जाऊन होडीतून उतरलेली कोलंबी आणायची, दुपारी सगळ्यांनी मागच्या अंगणात बसून सोलायची. आमची सहल तीच आहे. ज्यांना करायचं नसेल त्यांना जवळच्या खानावळी डबे पोचवतात.

आणि घरगुतीची दुसरी बाजूही सांगते. आम्ही फोन लावले तेव्हा एका ठिकाणी पहिला प्रश्न आडनावाचा. सांगितल्यावर "खोल्या भरल्यात". तासाभराने मैत्रिणीने त्याच तारखेसाठी फोन केला, तिला खोली मिळाली. आवारात मासे चालत नाहीत हा ज्याच्या त्याच्या घराचा नियम, तो मी पाळेन. आडनावावरून दार लावणं मात्र मी समजून घेणार नाही. बंगल्याच्या बुकिंगला ओळखपत्र दाखवलं की झालं, जात सांगावी लागत नाही. ज्यांना हा प्रश्न कधी ऐकावा लागलेला नाही, त्यांना घरगुती आपुलकीचं कौतुक करणं सोपं जातं.

आगरातली

मी श्रीवर्धन तालुक्यातली, घरामागे आमच्या चार खोल्या आहेत. कोलंबी_भात ताई, तुम्हाला जे ऐकावं लागलं ते चूकच, त्याचं समर्थन मी करणार नाही. आमच्याकडे मासे होत नाहीत, ते फोनवर आधीच सांगते. पलीकडच्या आळीतल्या ताई मासळीचं जेवण करतात, पाहुण्यांना तिथे घेऊन जाते. आडनाव विचारत नाही.

दादांचं दहाच्या दिव्याबद्दल. सकाळी उकडीचे मोदक हवे असले तर मी साडेचारला उठून नारळ खवते. बारा माणसांना प्रत्येकी चार मोदक म्हणजे अठ्ठेचाळीस, उकड गरम असताना मळावी लागते, गार झाली की पारी चिरते. एकपर्यंत दंगा ऐकत पडले तर साडेचारला हात चालत नाहीत. तेव्हा "जरा हळू" म्हणणाऱ्या बाईचा राग धरू नका.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. काही तासांत आमच्या आगरातल्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतल्या, पोफळी आडव्या झाल्या, नारळांचे शेंडे मुरगळले. नवी पोफळ लावली तर धरायला सहा-सात वर्षं जातात. रोठा सुपारीवर चालणारं घर मधल्या काळात या चार खोल्यांनी चालवलं. तुम्ही दिलेले पैसे याच आळीत राहतात: दूध शेजारच्यांचं, आमसुलं नणंदेची, चादरी धुणारी मुलगी पाखाडीवरची.

आणि पाणी. हे मला सगळ्यांत लागतं. किनाऱ्यालगत जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर असतो. उपसा बेताने केला तर तो टिकतो. दिवसभर पंप लावला की खालचं खारं वर चढतं. २६ फूट लांब, १३ फूट रुंद आणि ५ फूट खोल तलावाला एका भरणीत सुमारे ४८ हजार लिटर पाणी लागतं. आमच्या ओळखीतल्या एका वाडीत शेजारी तलाव झाल्यापासून मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ लागतं. त्या पाण्यावर चहा फुटतो आणि पोफळीची पानं टोकाकडून करपतात. समुद्र पाच मिनिटांवर असताना तलाव कशाला हवा, हे मला खरंच समजत नाही.

पुळण

ताई, पाण्याचं तुमचं म्हणणं खरं आहे, मे महिन्यात आमच्याकडेही टँकर येतो. पण बंगला म्हणजे सगळा बाहेरच्यांचा धंदा, असा जो सूर इथे लागतोय तो बरोबर नाही. मी नागावच्या बाजूचा, वडील होडीवर होते. मी तीन बंगल्यांची देखभाल बघतो. माळी, साफसफाईवाल्या, जेवण पोचवणारी काकी, सगळे गावातलेच. मासेमारीवर आमच्या घराचं भागत नव्हतं. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, मुंबईची माणसं गाडी बोटीत घालून तासाभरात उतरायला लागली, तेव्हापासून मला बारा महिने काम आहे. आणि तलावाचं पाणी रोज बदलत नाहीत, गाळून तेच फिरवतात.

शनिवारपेठी दादा, माझं पोट बंगल्यावर आहे तरी सांगतो. ३ वर्षांचं मूल असेल तर तलावाला कठडा आणि कडीचं फाटक आहे का, हे विसार देण्याआधी व्हिडिओ कॉलवर बघून घ्या. फोटोत तलाव दिसतो, कठडा दिसत नाही. मोठी माणसं दुपारी जेवून लवंडतात आणि मूल नेमकं तेव्हा पाण्याकडे जातं. मी एकदा एकाला कपड्यांसकट उडी मारून काढलंय. कठडा नसेल तर बंगला घेऊ नका.

दोन_पिढ्या

माझे वडील आता सगळं विसरतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरगुतीच उतरलो होतो, माणसं देवासारखी होती. रात्री दोनला बाबा उठून यजमानांच्या माजघरात गेले आणि आपल्या आईला हाका मारायला लागले. त्या काकूंनी त्यांना पाणी दिलं, जवळ बसल्या, सकाळी एका शब्दाने बोलल्या नाहीत. तरीही उरलेला सगळा वेळ मी दाराशी बसून काढला. तेव्हापासून आम्ही कुंपणाचा, फाटकाला कुलूप लागणारा बंगला घेतो आणि डबा मागवतो. काही घरांना परक्या माणसांपासून आडोसा लागतो. त्याला कुणी चैन म्हणू नये.

सईची_आई

दोन_पिढ्या, तुमच्यासाठी बंगलाच योग्य, माझा मुद्दा मागे घेते. पण ज्यांच्या घरी अशी अडचण नाही त्यांच्याबद्दल माझं मत तेच आहे. डबा मागवू म्हणतात सगळे. मग सकाळचा चहा, मुलांचं दूध, कुणाची तरी पथ्याची खिचडी, वाढणं आणि उष्टी काढणं राहतंच, आणि ते कुणी वाटून घेत नाही.

शनिवारपेठी

सगळ्यांचे प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवले. खरं सांगतो, जागा बघताना पाचजणींपैकी कुणालाही मी विचारलं नव्हतं. आई म्हणाली, "मला काय, कुठेही चालेल." आत्या तिला म्हणाली, "खरं सांग." तेव्हा आई म्हणाली, "मला दोन दिवस गॅस बघायचा नाही." आत्तापर्यंत हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. नागावच्या बंगल्याला फोन केला, तलावाला कठडा नाही. दिवेआगरच्या चारही खोल्या घेतल्या. रात्रीच्या गप्पांचं विचारलं, तर यजमान म्हणाले की आगराच्या टोकाला झोपाळ्याशी बसा, तिथला आवाज घरापर्यंत येत नाही.

कोलंबी_भात

तुमचा निर्णय तुमच्या घरापुरता बरोबर असेल दादा. आम्ही मात्र या वर्षीही बंगलाच घेणार, कठडा बघून. आणि तुम्हाला त्या घरी आडनाव विचारलं होतं का, ते आठवून बघा.

शनिवारपेठी

विचारलं होतं. मी सांगितलं आणि पुढे बोलत राहिलो, मनातही आलं नाही. पोचल्यावर यजमानांशी याबद्दल नीट बोलेन.

आगरातली

अवश्य बोला. आमच्यातल्यांनी सांगून ऐकत नाहीत, पाहुण्यांनी सांगितलं तर ऐकतील.

मुलं आहेत म्हणून एक सांगते. सासऱ्यांनी मला शिकवलेला हिशोब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तुमच्या शनिवारी अष्टमी आहे, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. पाणी भांगाचं, म्हणजे लहान भरती-ओहोटीचं असेल, फार आत जाणार नाही. चार वाजता पाणी चढत असताना मुलांना काठाने गुडघाभर खेळू द्या आणि सहाला बाहेर काढा. पाणी उतरायला लागलं की कुणीही आत जायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा. २०१६ च्या १ फेब्रुवारीला मुरूडला सहलीला आलेली पुण्याच्या कॉलेजातली १४ मुलं-मुली बुडाली. वाऱ्याचा जोर असेल तर वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून निघताना यजमानांना विचारूनच पाण्यावर जा.